कॅमेऱ्याचा योगक्षेम

प्रवासाला निघताना घरातल्या कोणत्या वस्तूची काळजी सर्वांत अधिक घेतली जाते, यावरून त्या त्या काळाची ओळख पटते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आमच्या लहानपणी हा मान फिरकीच्या तांब्याला असे. त्याच्या खालोखाल वळकटी आणि दशम्यांचा डबा यांचा क्रम लागे. गाडी बदलताना तांब्या कोणाच्या हाती द्यावयाचा, याविषयी वडीलधाऱ्यांच्या आज्ञा स्पष्ट असत. एखादे मूल क्षणभर नजरेआड झाले तरी चालेल, पण तांब्या होता कामा नये, असा एकंदर बंदोबस्त असे. आता तो मान कॅमेऱ्याकडे गेला आहे. तक्रार म्हणून हे सांगत नाही. गेल्या पौषात आठ दिवस एका कॅमेऱ्याचा मी पालक होतो, आणि त्या पालकत्वात जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही सांगलीहून गोंदिया जिल्ह्यात गेलो होतो. मंडळी चार: मी, माझी पत्नी, माझ्या थोरल्या वहिनी आणि सोळा वर्षांचा नातू. पाचवा प्रवासी म्हणजे कॅमेरा. तो वहिनींच्या मुलाचा, म्हणजे माझ्या पुतण्याचा. त्याच्यासोबत दूरचे टिपणारे एक लांबलचक भिंगही होते, आणि दोहोंची मिळून किंमत ऐकल्यावर मी ती पुन्हा विचारली नाही. पुतण्याला रजा मिळेना. नातवाला पक्ष्यांचा नाद. तेव्हा पुतण्याने कॅमेरा त्याला दिला, पण माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, हाती त्याच्या देतो आहे, पण जबाबदारी तुमची." पस्तीस वर्षे शाळेची दप्तरे सांभाळलेल्या मनुष्यास याहून मोठे आव्हान ते कोणते!

मी ती जबाबदारी यथासांग पार पाडण्याचे ठरविले. कॅमेऱ्याची मूळची गादीदार पिशवी होतीच. तिच्या आत मी एक जाड प्लास्टिकची पिशवी घातली. वहिनींनी जुन्या मऊ सुती लुगड्याच्या घड्या घालून एक गोधडीवजा खोळ शिवून दिली. तिला चार बाजूंनी नाड्या होत्या. ती मूळच्या पिशवीवरून चढविली. याप्रमाणे तीन आवरणांत तो ऐवज बंदिस्त झाला. नातवाच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी दिसली. परंतु तरुणांना सामानाची किंमत नसते, हे आपले ठरलेले मत असल्यामुळे मी तिकडे लक्ष दिले नाही.

पूर्वी छायाचित्र काढणे हेच मुळी सामान वाहण्याचे काम होते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने काचेवर छायाचित्र घेण्याची ओली रीत प्रसिद्ध केली. काचेला लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षारात बुडवावयाची, ओली आहे तोवरच चित्र घ्यावयाचे आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत ते धुवावयाचे, असा तो खटाटोप होता. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचे नाव त्या काळच्या छायाचित्रकारांत आदराने घेतले जाते. पुढे १८६३ पासून सॅम्युअल बोर्न हिमालयात छायाचित्रे काढीत हिंडला, तेव्हा काचा, रसायने, तंबू व शिधा वाहण्यासाठी तीसचाळीस हमाल त्याच्या मागून चालत. १८८८ साली ईस्टमनच्या कोडॅकने गुंडाळीची फिल्म घातलेली पेटी बाजारात आणली, आणि हमालांची ती रांग एका मनुष्याच्या खांद्यावर येऊन थांबली. ओझे कमी झाले. पण ते जपण्याची धास्ती जशीच्या तशी उरली, हे मी स्वानुभवाने सांगतो.

कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियापर्यंत जाते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळा महाराष्ट्र उलगडीत जाणारी ही गाडी आहे, आणि तिच्यात सांगलीकराचा एक दिवस नि एक रात्र सहज निघून जाते. या प्रवासात काही गोष्टी मी बऱ्या केल्या, त्या आधी सांगतो. कॅमेऱ्यावर व भिंगावर कोरलेले क्रमांक मी घरीच वहीत उतरवून घेतले होते आणि खरेदीच्या पावतीची प्रत निराळ्या पिशवीत ठेवली होती. वस्तू गेल्यास पोलिसांपुढे 'काळा कॅमेरा' एवढे सांगून भागत नाही. क्रमांक सांगता आला तरच ती आपली म्हणता येते. पिशवी खिडकीच्या बाजूच्या खुंटीवर अडकविली नाही, आसनाखालीही लोटली नाही; रात्री तिचा पट्टा मनगटात अडकवून ती उशाशी घेतली. फराळाचा डबा व कॅमेरा एका पिशवीत ठेवू दिला नाही. लाडवाचे तूप आणि भिंगाची काच यांचा स्नेह जुळला तर तो तोडणे कठीण जाते; शिवाय पुढे वानरांच्या मुलखात खाऊच्या वासाने पिशवीच पळविली जाण्याचा संभव असतो.

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, राज्याच्या अगदी पूर्वेकडचा जिल्हा. आम्हा कृष्णाकाठच्या माणसांना ऊस व द्राक्षे पाहण्याची सवय. इकडे दृष्टी पोहोचेल तिथवर धानाच्या बांध्या. जानेवारीत धान निघून गेलेले असते आणि बांध्यांतून पिवळी धसकटे उरलेली असतात. त्यांच्या मधूनमधून तळी चमकतात. त्यांतील पुष्कळशी येथील कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली आहेत. पुढे ती मालगुजारांकडे आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि 'माजी मालगुजारी तलाव' या लांब नावाचा लोकांनी 'मामा तलाव' असा घरगुती संक्षेप करून टाकला. मामाच्या घरी जसा भाच्यांचा राबता असावा, तसा या तलावांवर हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचा राबता असतो.

परंतु येथला खरा मानकरी पाहुणा नव्हे, घरचा आहे. तो म्हणजे सारस. माणसाएवढा उंच, राखी अंगाचा, तांबड्या मस्तकाचा हा पक्षी उडणाऱ्या सर्व पक्ष्यांत उंच गणला जातो. महाराष्ट्रात तो आज गोंदिया आणि शेजारच्या भंडारा या दोनच जिल्ह्यांत काय तो उरला आहे. वनखाते आणि 'सेवा' ही येथील संस्था मिळून त्यांची दरवर्षी मोजदाद करतात. गोंदियातील संख्या अलीकडे पन्नाशीच्या आतच भरते. नर-मादी जन्मभर जोडीने राहतात अशी त्यांची ख्याती. आदिकवीच्या मुखातून पहिला श्लोक ज्या क्रौंचाच्या वधामुळे निघाला, तो क्रौंच म्हणजे सारसच असावा, असे काही विद्वानांचे मत आहे. मुलांना तो प्रसंग मी आयुष्यभर शिकवीत आलो. तो पक्षी मात्र डोळ्यांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही परसवाड्याच्या तलावाकडे गेलो. वाट दाखविण्यासाठी गावातला एक प्रौढ शेतकरी सोबत होता. धुके इतके होते की बांधावरचे झाड दहा पावलांवर येईतो दिसत नव्हते. एकाएकी समोरच्या बांधीतून शिंग फुंकल्यासारखा स्वर उठला. लगेच दुसरा स्वर त्यात मिसळला. धुके थोडे विरळ झाले आणि साठसत्तर हातांवर ती जोडी दिसली. दोन्ही पक्षी माना आभाळाकडे ताणून गात होते. नराने पंख अर्धे उचलले होते. वहिनींनी नकळत हात जोडले.

"आजोबा, कॅमेरा!" नातू कुजबुजला.

मी खांद्यावरची पिशवी उतरविली आणि वहिनींच्या खोळीच्या नाड्या सोडू लागलो. थंडीने बोटे बधिर झाली होती आणि गाठी मी स्वतः मारलेल्या, म्हणजे पक्क्या. एक सुटली, दुसरी सुटली, तिसरीला दात लावावे लागले. मग मूळच्या पिशवीची साखळी, मग प्लास्टिकची पिशवी. आत कॅमेरा एका कप्प्यात आणि भिंग दुसऱ्या कप्प्यात, अशी माझी शिस्तशीर मांडणी. नातवाने थरथरत्या हातांनी ती दोन जोडली, डोळा लावला आणि कॅमेरा खाली घेतला. सारसांचे गाणे संपले होते. दोघे शांतपणे पावले टाकीत धुक्यात शिरत होते, आणि पाहता पाहता त्यात नाहीसे झाले.

कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा पडलेला नव्हता.

सोबतचा शेतकरी इतका वेळ कौतुकाने माझ्या गाठी पाहत होता. तो म्हणाला, "सारस त रोजचेच आहेत जी आमचे, गुर्जी. तुमची पेटीच उघडत नाही." त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. नातू काही बोलला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

त्या रात्री गोंदियाच्या मुक्कामी मला लवकर झोप आली नाही. पन्नास वर्षांमागची एक गोष्ट वर येत राहिली. १९७४ च्या उन्हाळ्यात आमचे थोरले बंधू आम्हा सर्वांस नरसोबाच्या वाडीला घेऊन गेले होते. त्यांच्यापाशी आग्फा कंपनीचा 'क्लिक थ्री' कॅमेरा होता. त्या काळी मध्यम स्थितीतील पुष्कळ घरांत तो असे. एका गुंडाळीत बारा छायाचित्रे निघत, आणि बंधू ती बारा जपून, मोजून वापरीत. सकाळी स्नान करून आई घाटाच्या पायरीवर ओले केस वाळवीत बसली होती. तिने कधी काही मागितल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र ती बंधूंना म्हणाली, "माझा एक काढ रे, असाच." बंधूंनी कॅमेऱ्याचे चामडी घर हाताने चाचपले आणि म्हणाले, "दोनच उरले आहेत, आई. संध्याकाळी पालखी निघाली की त्या गर्दीत तुझाही काढतो." पालखी निघेपर्यंत अंधार पडला, त्या कॅमेऱ्याला तेवढा उजेड पुरणारा नव्हता. गुंडाळी तशीच कपाटात राहिली. दिवाळीपूर्वी आई गेली. पुढे कधीतरी ती धुवून आणली, तेव्हा तिच्या शेवटी दोन चौकटी कोऱ्या होत्या.

आईचे म्हणून एकच छायाचित्र घरात होते. कोणाच्या तरी लग्नातला घोळका, आणि त्यात मागच्या रांगेत, एका पागोट्याआड अर्धा झाकलेला तिचा चेहरा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातील वह्या एकमेकींस चिकटल्या. त्यांत तेही गेले. त्याची दुसरी प्रत कोणी केली नव्हती. बंधूंनी वाडीच्या त्या दिवसाविषयी पुन्हा कधी उच्चार केला नाही. मात्र त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावलेला मी त्यांना पाहिला नाही. त्यांनी तो किती जपला होता! चामड्याचे घर आजही जसेच्या तसे आहे.

संस्कृतात योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. आपल्याला विमा कंपनीच्या बोधवाक्यामुळे तो तोंडपाठ असतो, पण त्याची फोड आपण विसरतो. जे आपल्यापाशी नाही ते प्राप्त होणे हा योग, आणि प्राप्त झालेले राखणे हा क्षेम. दोन्ही मिळून संसार होतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत बंधूंनी आणि मी नुसताच क्षेम पाहिला. योग पुढे येऊन उभा राहिला तेव्हा आम्ही गाठी सोडीत होतो. वस्तू अशा रीतीने राखावी की ती योगाला हजर राहील. नाहीतर ते राखणे नव्हे, कुलूप लावणे होय. हे त्या रात्री मला पटले, आणि सकाळी उठून मी सर्व बंदोबस्त नव्याने केला. तो येणेप्रमाणे.

प्रथम मी खोळ काढून टाकली आणि भिंग कॅमेऱ्याला जोडूनच पिशवीत ठेवविले. जे भिंग लागण्याचा संभव अधिक, ते चढवून ठेवावे, उरलेल्यांना कप्पे. पिशवीचे तोंड एका हाताने उघडले पाहिजे, आणि वस्तू एका पळात हाती आली पाहिजे. पळ म्हणजे चोवीस सेकंद. सारस याहून अधिक थांबत नाहीत. आणि ज्याने कॅमेरा वापरावयाचा त्याच्याच खांद्यावर तो असावा. रक्षक एक आणि उपयोग करणारा दुसरा, ही व्यवस्था खजिन्यास बरी, हौसेला नव्हे.

दुसरी गोष्ट दवाची. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम फुटतो, हे आपण पाहतो. तो घाम तांब्याचा नसून हवेतल्या वाफेचा असतो. थंड अंगास लागून ती पाणी होते. पहाटेच्या गारठ्यात दोन तास फिरलेला कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला, तर त्याच्या काचेवर आणि आतील यंत्रावरही हाच प्रकार घडतो. सबब, आत शिरण्यापूर्वी बाहेरच त्यास प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्यावा. वाफ मग पिशवीवर बसते, कॅमेऱ्यावर नाही. याप्रमाणे माझी प्लास्टिकची पिशवी सत्कारणी लागली. मी ती फक्त भलत्या वेळी वापरीत होतो. उन्हाळ्यात वातानुकूलित मोटारीतून उकाड्यात उतरणाऱ्यांस हेच उलट क्रमाने लागू आहे: मोटारीत असतानाच तो बांधावा आणि बाहेर येऊन काही वेळाने उघडावा.

तिसरी गोष्ट धुळीची. तिचा पाठ आम्हांस नागझिऱ्यात मिळाला. नागझिरा अभयारण्य १९७० साली आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली अस्तित्वात आले; २०१३ साली ती दोन्ही व आसपासची वने मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आम्ही चोरखमाऱ्याच्या फाटकातून उघड्या जिप्सी गाडीने आत गेलो. पुढच्या गाडीने उडविलेली तांबूस धूळ मागच्या गाडीतील मंडळींच्या भुवयांवर बसते, ती भिंगास काय सोडणार! चालत्या गाडीत भिंग बदलू नये. बदलणे भागच पडले तर गाडी थांबवावी, धूळ खाली बसू द्यावी आणि कॅमेऱ्याचे उघडे तोंड जमिनीकडे करून काम उरकावे. पिशवी गाडीच्या तळाशी ठेवू नये, कारण खड्ड्यांचे सारे हादरे तिथेच पोहोचतात. ती मांडीवर घ्यावी. आपले अंग स्वभावतःच हादरा शोषून घेते, एवढा गुण त्यात आहे. आणि भिंगावर धूळ दिसताच उपरण्याच्या अथवा पदराच्या टोकाने ते पुसण्याचा मोह होतो, तो आवरावा. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेला खरवडतात. आधी रबरी फुग्याने फुंकर घालावी, मग मऊ कुंचली फिरवावी, आणि डाग राहिलाच तर शेवटी खास त्यासाठी ठेवलेले फडके. तोंडाने फुंकर घालू नये. तिच्यासोबत थुंकीचे तुषार जातात.

वाघ आम्हांस दिसला नाही. गव्यांचा एक कळप मात्र पाणवठ्याकडे उतरताना दिसला, आणि या वेळी नातवाचा कॅमेरा माझे 'अरे' उच्चारून होण्याच्या आतच डोळ्याला लागला होता.

चौथी गोष्ट ओलाव्याची. मुक्कामाच्या गृहस्थांनी प्रेमाने सुचविले की यंत्र दमट झाले असल्यास रात्रभर तांदळाच्या कोठीत पुरून ठेवा. तांदळाच्या या मुलखात हा उपाय सुचणे साहजिक आहे आणि इतरत्रही तो पुष्कळांच्या तोंडी असतो. पण तांदळास लागलेला पिठूळ कोंडा बारीक फटींतून आत शिरतो, आणि तांदूळ ओलावा ओढतो तोही बेताचाच. त्यापेक्षा औषधांच्या बाटल्यांत घालतात त्या सिलिका जेलच्या पुड्या मोठ्या आकाराच्या मिळतात, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेऱ्याशेजारी ठेवाव्या. रंगीत दाण्यांची पुडी असल्यास रंग पालटला की ती भिजली असे समजावे. असे बरेच दाणे सौम्य उष्णतेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात भिंगांवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते, तिचे मूळ अंधाऱ्या, दमट कपाटात असते. म्हणून घरी परतल्यावर कॅमेरा चामड्याच्या घरात कोंडून वर्षभर ठेवू नये. अधूनमधून बाहेर काढावा, वापरावा. वापर हाच त्याचा मोठा औषधोपचार. पावसाळ्यात दरेकशाजवळच्या हाजरा धबधब्याला जाणाऱ्यांनी तुषारांसाठी छत्री आणि एक कोरडा पंचा अवश्य बाळगावा. पंचा कॅमेऱ्याच्या अंगासाठी, भिंगासाठी नव्हे.

पाचवी गोष्ट विजेची आणि साठवणीची. रानातल्या मुक्कामी विजेचा भरवसा धरू नये. भरलेली एक जादा बॅटरी खिशात असावी. विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात न देता हातातल्या पिशवीत, टोके झाकून न्याव्या. नियमच तसा आहे, कारण त्या पेटल्या तर माणसाच्या नजरेसमोर असलेल्या बऱ्या. छायाचित्रे ज्या इवल्या पत्रीवर साठतात, ती कॅमेऱ्याहून किंमतीने स्वस्त, पण तिच्यातला ऐवज विकत मिळत नाही. म्हणून रोज रात्री तिची एक नक्कल करून ती निराळ्या पिशवीत ठेवावी, आणि घरी आल्यावर एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्ताकडे पाठवावी. पुराचे पाणी एकाच रात्री दोन गावांच्या कपाटांत सहसा शिरत नाही.

या पाच गोष्टींत एक सहावी मिळवावयाची, ती कॅमेऱ्याविषयी नाही. ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे त्याचाही योगक्षेम असतो. सारस धानाच्या बांधीत किंवा तळ्याच्या काठी घरटे करतो, आणि मादी बहुधा दोनच अंडी घालते. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटे असेल तो तेवढा तुकडा राखतो, तेव्हा कुठे पिल्लू उडते. चांगले चित्र मिळावे म्हणून घरट्याजवळ जाणे, पक्षी उडावा म्हणून खडा मारणे, रानात झोताचा दिवा लावणे, किंवा घरट्याची जागा चारचौघांत सांगत सुटणे, हे सर्व एकाच वर्गातले. आदिकवीच्या कथेतील व्याधाला निदान भूक तरी असावी. आमच्या वाटाड्याने परसवाड्यास आम्हांस बांधाच्या पुढे एक पाऊल टाकू दिले नव्हते. त्या वेळी मला तो फार कडक वाटला. आता वाटते, आम्हा दोघांतला खरा राखणदार तोच होता. त्याने पक्षी राखला आणि तरीही तो आम्हांस दाखविला.

शेवटचे दोन दिवस आम्ही नवेगावबांधला राहिलो. गोंदियाहून हे ठिकाण सुमारे ६५ किलोमीटर. कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधून हा जलाशय केला, असे येथे परंपरेने सांगतात. सभोवारच्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे कित्येक वर्षे काढली आणि येथल्या पाखरांची व माणसांची ओळख मराठी वाचकांस करून दिली. १८ जून २०२५ रोजी ते सोलापुरास निवर्तले. त्यांची पुस्तके वाचून या तळ्याचे एक चित्र मनात होते. प्रत्यक्ष तळे त्याहून शांत निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन नुकते पाण्यावर उतरले होते. दूरवर पट्टकादंब हंसांची एक रांग पाण्यावर तरंगत होती आणि नातू लांब भिंगातून ती टिपण्यात गढून गेला होता. वहिनी काठावरच्या एका दगडावर बसल्या होत्या. त्यांचे न्हालेले पांढरे केस पाठीवर मोकळे होते आणि त्या उन्हाकडे पाठ करून ते वाळवीत होत्या. सांगलीबाहेर इतक्या दूर त्या पहिल्यानेच आल्या होत्या. त्यांच्याकडे पाहिले आणि मला वाडीच्या घाटाची पायरी दिसली.

मी नातवाला हाक मारली. "हंस राहू देत. आजीचा एक काढ."

"आत्ता?" तो म्हणाला. "ते उडतील हो आजोबा."

"उडू देत."

वहिनींनी ते ऐकले आणि त्या गडबडीने केस बांधू लागल्या. "भाऊजी, काहीतरीच काय! या अवतारात कोणी फोटो काढतं का? संध्याकाळी चांगलं लुगडं नेसते, मग काढा."

"नाही वहिनी," मी म्हणालो, "असाच."

हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, कोण जाणे. वहिनींचे हात केसांतच थांबले. वाडीच्या त्या प्रवासात त्याही होत्या. नव्या नवरीने तेव्हा बोलावयाचे नसते, एवढेच. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले, आणि केस पुन्हा मोकळे सोडले. नातवाने भिंग बदलले, दोन पावले मागे सरकला आणि चित्र घेतले. त्याला किती वेळ लागला असेल? पळभरसुद्धा नाही.

हंस उडाले नाहीत. तेही त्याला पुढे मिळाले.

परत येताना गाडीत वहिनींनी ती नाड्यांची खोळ मागून घेतली, तिच्या शिवणी उसवल्या आणि कापडाची नीट घडी घातली. घरी आल्यावर त्याचा उपयोग त्यांनी बंधूंच्या जुन्या 'क्लिक थ्री'चे चामडी घर पुसण्याकडे केला. नवेगावबांधचे ते छायाचित्र आता त्यांच्या खोलीत लावले आहे, आणि त्याची एक प्रत परगावी पुतण्याकडे आहे. पुतण्याने कॅमेरा उलटसुलट करून तपासला, तेव्हा त्याच्या तळाशी एक बारीक ओरखडा निघाला; तो नागझिऱ्यात पडला की नवेगावबांधच्या दगडावर, हे आम्हांस सांगता आले नाही. मी क्षमा मागू लागलो. तो भिंतीवरच्या आईकडे पाहत म्हणाला, "असू दे, काका."